विश्लेषण : गोड्या पाण्यातला 'लॉबस्टर' धाराशिवच्या तळ्यांत उतरला तर काय?

मत्स्यालयाच्या दुकानांत आणि ऑनलाइन 'ब्लू लॉबस्टर' नावाने मिळणारा निळसर, दोन जाड नांग्यांचा प्राणी मुळात लॉबस्टर नाही. समुद्राशी त्याचा काही संबंधही नाही. तो क्रेफिश आहे, म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा कवचधारी प्राणी. स्पेन, केनिया, चीन, मादागास्कर, झाम्बिया अशा एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या देशांत क्रेफिशच्या परदेशी जातींनी नद्या, तलाव आणि भातखाचरे व्यापली आहेत.

धाराशिव जिल्ह्यातल्या जलाशयांत क्रेफिशची वस्ती झाल्याची नोंद नाही. तरीही या जिल्ह्याने त्याच्याकडे लक्ष द्यावे, असे कारण आहे. क्रेफिश जगभर ज्या वाटांनी पसरला, त्याच वाटांनी आलेले परदेशी मासे शेजारच्या उजनी धरणात कधीचेच स्थिरावले आहेत. आणि उजनीचे पाणी आता धाराशिवकडे वळते आहे.

क्रेफिश म्हणजे नेमके काय?

दिसायला कोळंबी आणि खेकडा यांच्या मधला. लांबट शरीर, शेपटीला पंख्यासारखी पाती, टणक कवच आणि पुढे दोन दणकट नांग्या. जगात त्याच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात त्या सर्वाधिक. गंमत अशी, की आफ्रिका खंडाची मुख्य भूमी आणि भारतीय उपखंड इथे क्रेफिशची एकही मूळ जात नाही. आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांत ती जागा काळ्या खेकड्यांनी आणि झिंग्यांनी घेतलेली आहे. त्यामुळे भारतात क्रेफिश कुठेही सापडला, तरी तो माणसानेच आणलेला असणार.

सगळेच क्रेफिश उपद्रवी नसतात. काही जाती त्यांच्या मूळ प्रदेशात नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत. चर्चेत येतात त्या मोजक्या जाती. त्यांतल्या तीन लक्षात ठेवण्यासारख्या.

अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आणि ईशान्य मेक्सिकोतला 'रेड स्वॉम्प क्रेफिश' हा सर्वांत यशस्वी घुसखोर. दुसरा 'रेडक्लॉ', उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीतला. उष्ण पाणी त्याला मानवते, म्हणून आपल्या हवामानाचा विचार करता तो अधिक जवळचा. तिसरा 'मार्बल्ड क्रेफिश', अंगावर संगमरवरासारखी नक्षी असलेला. तो १९९५ च्या सुमारास जर्मनीतल्या मत्स्यालय व्यापारात प्रथम लक्षात आला. या जातीत नर नाहीतच. प्रत्येक मादी नराशिवाय अंडी घालते आणि पिल्ले तिची हुबेहूब जनुकीय प्रत असतात. म्हणजे तळ्यात एक प्राणी पडला, तरी वस्ती सुरू व्हायला पुरेसे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार मादागास्करमध्ये २००७ ते २०१७ या दहा वर्षांत त्याचे क्षेत्र सुमारे एक हजार चौरस किलोमीटरवरून एक लाख चौरस किलोमीटरपर्यंत, म्हणजे शंभरपट वाढले.

जगभर तो पसरला कसा?

आपोआप नाही. जवळपास प्रत्येक ठिकाणी सुरुवात चांगल्या हेतूने झाली.

जपानमध्ये १९२७ साली रेड स्वॉम्प क्रेफिश आणला गेला तो बेडकांचे खाद्य म्हणून. खाण्यासाठी बुलफ्रॉग पाळायचे आणि त्यांना हे खायला घालायचे, असा बेत होता. जहाजाचा प्रवास सोसून जेमतेम विसेक प्राणी पोहोचले, असे सांगितले जाते. तिथून तो चीनमध्ये गेला. केनियातल्या नैवाशा सरोवरात १९७० मध्ये तो मासेमारीचे उत्पन्न वाढावे म्हणून सोडला. स्पेनमध्ये १९७३-७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानातून रीतसर आणला, दलदलीच्या भागातल्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून. ब्रिटनमध्ये 'सिग्नल क्रेफिश' १९७० च्या दशकात मत्स्यशेतीसाठी आला. झाम्बिया आणि झिम्बाब्वेत रेडक्लॉ आला तोही शेतीसाठीच. पुढे तो तळ्यांतून निसटला आणि कारिबासारख्या अजस्र जलाशयात व काफुए नदीत पसरला.

मराठी वाचकाला हा क्रम अनोळखी वाटू नये. गाजर गवत पुण्यात १९५० च्या दशकात दिसले, त्याचा संबंध आयात गव्हाशी जोडला जातो. वेडी बाभूळ सरपणासाठी आणि ओसाड जमिनीसाठी लावली गेली. आज दोन्हींशिवाय मराठवाड्यातला माळ डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे.

नुकसान काय होते?

क्रेफिश काय खातो, यापेक्षा काय खात नाही हे विचारणे सोपे. पाणवनस्पती, शेवाळ, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, बेडकांची अंडी आणि बेडूकमासे, माशांची अंडी, मेलेले मासे, कुजका पाला. तळाशी उगवणाऱ्या वनस्पती गेल्या की गाळ धरून ठेवणारे काही उरत नाही आणि नितळ तळे गढूळ होते. नैवाशा सरोवरात पाण्याखालच्या वनस्पती आणि कमळे घटण्यात क्रेफिशचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. तिथली तरंगती जलपर्णी मात्र टिकून राहिली. त्यामुळे 'क्रेफिश सोडला की जलपर्णी खाऊन टाकेल' अशी कल्पना कुणाच्या मनात आली, तर ती तिथेच सोडलेली बरी.

युरोपात आणखी एक संकट ओढवले. अमेरिकी क्रेफिशच्या अंगावर एक बुरशीसारखा रोग असतो, त्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. युरोपातल्या मूळ क्रेफिशचा मात्र त्या 'क्रेफिश प्लेग'ने फडशा पाडला. भारतात मूळ क्रेफिश नसल्याने त्या साथीचा आपल्याला तितका धोका नाही. पण परदेशी कवचधारी प्राण्याबरोबर येणारे इतर रोग आपल्या झिंग्यांना आणि कोळंबीला लागू शकतात.

मच्छीमारांसाठी सर्वांत बोलकी नोंद झाम्बियातली आहे. तिथे मच्छीमार संध्याकाळी जाळे लावतात आणि सकाळी काढतात. रात्रभरात जाळ्यात अडकलेले मासे रेडक्लॉ कुरतडून ठेवतो. सकाळी हाती येतो तो अर्धवट खाल्लेला, बाजारात न चालणारा मासा. अशा नुकसानीचा अभ्यास तिथे झाला आहे. सीना-कोळेगाव किंवा निम्न तेरणा धरणावर जाळे लावणाऱ्याचे गणितही याहून वेगळे नाही.

सगळेच वाईट घडते असेही नाही. स्पेनमध्ये बगळे, करकोचे आणि पाणमांजरांना क्रेफिशच्या रूपाने भरपूर खाद्य मिळाले. केनियात गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या एका परजीवी आजाराच्या नियंत्रणासाठी त्याचा उपयोग होईल का, हेही तपासले गेले. पण हे हिशेब प्राणी आल्यानंतर मांडलेले आहेत. आणताना कुणी विचारपूर्वक मांडले नव्हते.

मग धाराशिवचा संबंध कुठे येतो?

जिल्ह्याच्या नकाशावर बालाघाटची रांग पाहिली की हा प्रश्न समजायला सोपा जातो. रांगेच्या एका बाजूचे पाणी सीना आणि बोरी नद्यांतून भीमेला, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. दुसऱ्या बाजूचे पाणी तेरणा आणि मांजरेतून गोदावरीला मिळते. एकच जिल्हा, पण पावसाचा थेंब कुठे पडला यावर त्याचे खोरे ठरते. जलचरांसाठी अशी रांग म्हणजे भिंतच. एका खोऱ्यातला मासा पलीकडे आपणहून जाऊ शकत नाही.

माणूस मात्र ही भिंत ओलांडतो. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी पाणी मराठवाड्याला मिळायचे आहे. त्यात उजनीचे पाणी बोगद्याने सीना-कोळेगाव धरणाकडे आणि पुढे पंपांनी उचलून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत न्यायचे आहे. पुढे ते लोहारा, उमरग्याकडे जाणार आहे. लोहारा तालुक्यातल्या माकणीला निम्न तेरणा धरण आहे. तेरणा ही मांजरेची उपनदी, म्हणजे गोदावरीचे खोरे.

दुष्काळी जिल्ह्यासाठी या पाण्याची किंमत काय आहे, हे इथल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. ते पाणी यायलाच हवे. प्रश्न इतकाच, की पाण्याबरोबर काय येते. पंप आणि जाळ्यांतून मोठा मासा जात नाही. अंडी, पिल्ले आणि बोटाच्या पेराएवढे जीव जाऊ शकतात. नद्याजोड आणि कालव्यांतून परदेशी जलचर एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेल्याची उदाहरणे जगात भरपूर आहेत. धाराशिव शहराच्या पिण्याच्या पाण्याची उजनी योजनाही आहे. पण ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाते, त्यामुळे ती वाट सुरक्षित म्हणता येते. सिंचनाच्या पाण्याला असे केंद्र नसते.

आणि उजनीत आज काय आहे? चिलापी. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग पाहिलेल्याला ती परदेशी आहे हे सांगितले तर खरे वाटणार नाही. ती मूळची आफ्रिकेतली. तिलापिया वर्गातला पहिला मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला, स्वस्त प्रथिनांसाठी. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जगण्याचे प्रमाण मोठे. वर्षातून अनेकदा पैदास होते. उजनीतल्या मासेमारीत आज तिचा वरचष्मा आहे आणि तिच्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते, हेही तितकेच खरे.

मांगूरची गोष्ट अधिक कडू आहे. 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा हा आफ्रिकी मासा १९९० च्या दशकात चोरट्या मार्गाने भारतात आला. तो मांसाहारी, हावरा आणि हवेतून श्वास घेणारा. घाण पाण्यातही वाढतो. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी येऊन दोन दशके उलटली. तरी उजनीकाठच्या भिगवण-इंदापूर पट्ट्यात तळी खोदून, कोंबड्यांचे टाकाऊ मांस घालून तो वाढवला जात होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी उद्ध्वस्त करण्याची कारवाई केली. मांगूर पूर्ण थांबला, असे मात्र कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

क्रेफिशच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो तिसरा पाहुणा, सकर मासा. काचपेटीतले शेवाळ चाटून काच स्वच्छ ठेवतो म्हणून मत्स्यालयवाले तो आवर्जून देतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लहान असताना गोंडस, मोठा झाला की पेटीत मावत नाही. मग मालक तो 'पुण्य' म्हणून जवळच्या नदीत सोडतो. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हा काटेरी, खडबडीत मासा सापडल्याच्या आणि त्याने जाळी फाडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत येऊन गेल्या आहेत. बाजारात त्याला किंमत नाही. दिवाणखान्यातल्या काचपेटीतून धरणापर्यंतचा रस्ता किती छोटा असतो, हे त्याने दाखवून दिले. 'ब्लू लॉबस्टर' हा त्याच दुकानातला, शेजारच्या पेटीतला.

यात शेततळ्यांची भर. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ पासून राबवली गेली, त्यानंतर मराठवाड्यात शेततळ्यांची संख्या वाढली आणि त्यांत मासे सोडणेही. बोटुकली कुठून आली, तिच्यात आणखी काय होते, हे लहान शेतकऱ्याला तपासता येत नाही. एरवी शेततळे हे बंद भांडे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात काय झाले ते ताजे आहे. सीनेला पूर आला, शेती पाण्याखाली गेली, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी शेततळे, नाला आणि नदी यांच्यात बांध उरत नाही. त्या दिवशी तळ्यात जे काही असेल, ते नदीत गेलेच.

दुष्काळात तो आपोआप मरणार नाही का?

हा युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना पटतो. धाराशिवचे तलाव दर काही वर्षांनी कोरडे पडतात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरणाच्या तळात भेगा पडल्या होत्या. तलाव आटला की चिलापीही संपते आणि पुन्हा पाणी आल्यावर मत्स्यबीज सोडून नव्याने सुरुवात करता येते. मासेमार संस्थांना तेवढीच संधी.

क्रेफिश मात्र तलाव आटला म्हणून संपत नाही. पाणी ओसरू लागले की रेड स्वॉम्प क्रेफिश चिखलात बीळ करतो, वरचे तोंड मातीने बुजवतो आणि ओलाव्यात महिनोन्‌महिने पडून राहतो. मूळ प्रदेशातल्या दलदलीही दरवर्षी आटतात, त्यामुळे त्याची जीवनरहाणीच तशी घडली आहे. पाऊस पडला की तो बाहेर येतो. मादीच्या पोटाखाली तेव्हा शेकडो अंडी किंवा पिल्ले असू शकतात. ओल्या रात्री तो पाण्यातून निघून जमिनीवरून चालत शेजारच्या डबक्यातही जातो. बाकी सगळे मासे दुष्काळात मेलेले आणि तो एकटा जिवंत, असे झाले तर पहिल्या पावसानंतरचे तळे त्याचेच.

इथला दुष्काळ त्याला अडवण्याऐवजी त्याच्या स्पर्धकांना बाजूला करेल, ही शक्यता म्हणूनच अधिक चिंतेची आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात बीळ किती टिकेल हा वेगळा प्रश्न. धरणाच्या गाळपेरातला ओलावा मात्र मे महिन्यापर्यंत टिकतो, हे गाळपेर करणारा कुणीही सांगेल.

खेकडे धरण फोडतात का?

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला की लोक हसतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, घरे वाहून गेली, अनेकांचा जीव गेला. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले आणि टीकेची झोड उठली. विरोधी कार्यकर्ते निषेध म्हणून खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्याच वर्षी सावंत धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले.

राजकीय विनोद बाजूला ठेवला, तर तांत्रिक उत्तर असे. देखभाल नीट असलेल्या मोठ्या मातीच्या धरणात मध्ये घट्ट चिकणमातीचा गाभा असतो आणि पाण्याच्या बाजूला दगडी अस्तर. काही फूट बीळ करणारा प्राणी ते फोडू शकत नाही. खेकड्यावर खापर फोडून देखभालीचा प्रश्न झाकता येत नाही. पण लहान बांधांची गोष्ट वेगळी आहे. इटलीत निचऱ्याच्या कालव्यांचे काठ आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये भातखाचरांचे बांध रेड स्वॉम्प क्रेफिशने पोखरल्याच्या भरपूर नोंदी आहेत. ब्रिटनमध्ये सिग्नल क्रेफिशमुळे नदीकाठ ढासळून गाळ वाढतो. चीनच्या युनान प्रांतात युनेस्कोचा जागतिक वारसा असलेल्या हानी लोकांच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांतून क्रेफिशच्या बिळांमुळे पाणी गळू लागले.

धाराशिवमध्ये भात जवळपास नाही, त्यामुळे पिकाचे थेट नुकसान इथे मोठे ठरणार नाही. पण पाझर तलाव, गावतळी, कालव्यांच्या मातीच्या बाजू, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या कडेचा भराव आणि अस्तर नसलेली शेततळी इथे गावोगावी आहेत. देशी काळा खेकडाही बांध पोखरतो, शेतकऱ्यांना ते ठाऊक आहे. त्याच्या जोडीला कितीतरी पटींनी वेगाने वाढणारा दुसरा बीळकरी आला, तर ज्या जिल्ह्यात पाण्याचा प्रत्येक दिवस मोजला जातो तिथे गळती वाढणे परवडणारे नाही.

खाऊन संपवता येणार नाही का?

चीनमध्ये क्रेफिश हे लोकप्रिय खाणे आहे. वर्षाला २० लाख टनांहून अधिक उत्पादन होते, तेही बहुतांश भातशेतीच्या जोडीने. मग आपल्याकडे का नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. 'गोड्या पाण्यातल्या लॉबस्टरची शेती, लाखोंची कमाई' अशा धर्तीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, तेव्हा तर तो अधिकच आकर्षक वाटतो.

इमू आठवावा. मोठ्या पक्ष्याची पिल्ले विकणाऱ्यांनी पैसा केला. अंडी, मांस, तेल यांचा बाजार उभाच राहिला नाही आणि शेतकऱ्यांच्या गळ्यात कर्ज व पक्षी दोन्ही पडले. अशा धंद्यात पहिली काही वर्षे खरा नफा बीज विकणाऱ्यालाच होतो. इमू निदान कुंपणात तरी राहत होता. क्रेफिशचा धंदा बुडाला, तर तळे रिकामे करणाऱ्या पाण्याबरोबर तो ओढ्यात जाईल.

धंदा बुडाला नाही, तरी अडचण आहेच. स्पेनमध्ये ग्वादालकिवीर नदीच्या दलदलीत क्रेफिश पकडणे आणि प्रक्रिया करून निर्यात करणे हा मोठा उद्योग झाला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी उपद्रवी जात म्हणून त्याला असलेली व्यापारी सूट रद्द केली. तेव्हा रोजगाराचा प्रश्न इतका तापला, की २०१८ मध्ये कायदा बदलून वाट काढावी लागली. ज्याच्यावर पोट चालते त्याला संपवावे असे कुणाला वाटेल? उजनीतल्या चिलापीबाबत नेमके हेच झाले आहे.

खाण्याबाबत आणखी एक गोष्ट. क्रेफिश गाळात राहतो आणि गाळातले जड धातू अंगात साठवतो. उजनीला पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येऊन मिळते. अशा पाण्यातला प्राणी कितपत खावा, हे वेगळे सांगायला नको. तो कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला तर फुप्फुसातल्या कृमीचा धोकाही असतो.

कायदा काय म्हणतो?

कागदावर बऱ्याच तरतुदी आहेत. परदेशी जलचर जिवंत आणायचे तर केंद्राची परवानगी आणि रोगमुक्ततेची अट लागते. कोळंबी शेतीतली व्हेनामेई ही प्रशांत महासागरातली जात २००९ मध्ये अशीच, जोखीम तपासून, ठरावीक केंद्रांमधूनच भारतात आली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यातल्या कलम ६२ अ नुसार उपद्रवी परदेशी जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर केंद्र सरकार नियंत्रण किंवा बंदी आणू शकते. तलाव आणि धरणांतली मासेमारी राज्याच्या १९६० च्या मत्स्यव्यवसाय कायद्याखाली येते.

अडचण अंमलबजावणीत आहे. मांगूरवरची बंदी तर स्पष्ट शब्दांत होती. तरी तळी खोदली गेली, मासा टेम्पोतून बाजारात गेला. काचपेटीतल्या प्राण्याची विक्री तर आणखी निसटती. दुकानदार, कुरिअर, समाजमाध्यमावरचा ग्रुप यांत कुठे नोंद राहत नाही.

इतर देश काय करतात? युरोपीय महासंघाने २०१६ मध्ये काढलेल्या उपद्रवी जातींच्या पहिल्या यादीतच पाच क्रेफिश होते. त्यांची विक्री, पैदास आणि सोडणे तिथे बेकायदा आहे. जपानचा मार्ग अधिक व्यवहारी वाटतो. तिथे लाखो घरांत मुले रेड स्वॉम्प क्रेफिश पाळतात. सरसकट बंदी आली असती, तर लोकांनी घाबरून ते नदीत सोडले असते. म्हणून जून २०२३ पासून घरी पाळायला मुभा, मात्र विकायला आणि निसर्गात सोडायला बंदी, असा नियम केला. आपल्याकडे नियम होईल तेव्हा हे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंच 'आयपीबीईएस'ने २०२३ मध्ये परदेशी उपद्रवी जातींमुळे जगाचे वर्षाला ४२३ अब्ज डॉलरचे नुकसान होत असल्याचा अंदाज मांडला. त्याच अहवालानुसार, असा प्राणी येण्याआधी अडवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोठ्या जलाशयात एकदा पसरलेला क्रेफिश पूर्णपणे काढून टाकण्यात जगात कुठे यश आल्याचे उदाहरण नाही. लहान, सुटे तळे रिकामे करून, विष घालून काही ठिकाणी जमले आहे, तेही वेळीच लक्षात आले तेव्हा.

दिसला तर ओळखायचा कसा?

घोटाळा होण्याची शक्यता आहे ती गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीशी, म्हणजे 'स्कॅम्पी'शी. ती भारतातलीच आहे आणि जलाशयांत मुद्दाम सोडलीही जाते. तिला मारण्याचे कारण नाही. स्कॅम्पीचे कवच पातळ, डोक्यावर लांब करवतीसारखा काटा, आणि नराचे निळे हात बारीक व शरीराहूनही लांब असतात. हे हात म्हणजे पायांची दुसरी जोडी. क्रेफिशच्या जाड नांग्या पायांच्या अगदी पहिल्या जोडीला असतात, कवच खेकड्यासारखे टणक असते आणि डोक्यावरचा काटा आखूड. रंगावर जाऊ नये. लाल, निळा, तपकिरी, हिरवट असे सगळेच रंग क्रेफिशमध्ये दिसतात.

जाळ्यात असा प्राणी आला तर तो पुन्हा पाण्यात टाकू नये आणि जिवंत बाजारातही नेऊ नये. वरून, खालून आणि नांग्यांजवळून फोटो काढावा, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी. प्राणी बर्फात ठेवून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे. घरी काचपेटीत असलेला क्रेफिश नको झाला, तर दुकानदाराला परत द्यावा किंवा बर्फात ठेवून मारावा आणि पुरून टाकावा. विहीर, ओढा किंवा देवळाचे तळे यांत सोडू नये. पेटी धुतलेले पाणीही नाल्याऐवजी कोरड्या जमिनीवर ओतावे, कारण पोह्याच्या दाण्याएवढी पिल्ले त्यात सहज नजरेआड राहतात.